मसुरीचं सॅव्हॉय, एक बंद खोली आणि सुटलेली आरोपी

रहस्यकथांमधे एक प्रकार असा असतो की त्यात खून होतो, पण वाचणाऱ्याचा चहा काही कडू होत नाही. रक्त फारसं दिसत नाही, पोलिस कुणाला बदडत नाहीत. कुणीतरी श्रीमंत बाई मरते आणि तिच्यासाठी कोणी फारसं रडतही नाही. उरलेले दहा-बारा लोक एकमेकांकडे संशयाने बघत जेवणाच्या टेबलावर मात्र वेळेवर हजर होतात. शेवटी एक हुशार माणूस सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी कोण ते सांगतो, आणि आपण पुस्तक मिटून शांत झोपतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. कोझी म्हणजे उबदार, गुबगुबीत. खुनाला गुबगुबीत म्हणायचं म्हणजे कमालच आहे, पण शब्द चपखल आहे. पांघरूण घेऊन वाचायचे खून!

या प्रकाराची एक लाडकी जागा म्हणजे आलिशान हॉटेल. पूर्वी ही जागा खेड्यातल्या जमीनदाराच्या वाड्याची होती, पुढे हॉटेलं आली. कारण सरळ आहे. वाड्यात पाहुणे एकमेकांना ओळखत असतात. हॉटेलात कोणी कोणाला ओळखत नाही, तरी सगळे एका छपराखाली झोपतात आणि एका वेळी जेवतात. प्रत्येक जण रजिस्टरमधे लिहील तेच त्याचं नाव. प्रत्येक खोलीला किल्ली, आणि प्रत्येक किल्लीची एक जोडकिल्ली कुणाकडेतरी. लेखकाला आणखी काय हवं?

आता मुद्द्यावर येतो. असा एक मृत्यू खरोखरच घडलेला आहे, आणि तो आपल्या देशात. १९११ साली, मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी याच प्रकरणावर बेतलेली आहे असं मसुरीत छातीठोकपणे सांगितलं जातं, आणि जालावर शोधलंत तर डझनभर ठिकाणी हेच वाक्य थोड्याफार फरकाने सापडेल. ही गोष्ट खरी किती आणि नंतर चिकटलेली किती, हे बघायचा हा उद्योग. बघता बघता मला एक वेगळीच गोष्ट खटकायला लागली, ती शेवटी सांगतो.

आधी हॉटेलबद्दल. लंडनचं मूळ सॅव्हॉय उघडलं १८८९ मधे. विजेचे दिवे, लिफ्ट, आणि व्यवस्थापक म्हणून सेझार रिट्झ. ‘लक्झरी हॉटेल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे चित्र येतं, ते बरंचसं त्या एका इमारतीने तयार केलं. तेरा वर्षांनी, १९०२ मधे, तेच नाव घेऊन मसुरीत एक हॉटेल उभं राहिलं. (म्हणजे आपल्या मुंबईच्या ताजच्याही एक वर्ष आधी. ताज उघडलं डिसेंबर १९०३ मधे.) बांधणारा होता लखनौचा एक आयरिश बॅरिस्टर, सेसिल लिंकन. १९०० मधे रेल्वे डेहराडूनपर्यंत पोचली होती, पण मसुरी त्याच्याही वर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर. तिथपर्यंत माणसं घोड्यावरून किंवा हमालांच्या खांद्यावर दांडीतून जायची आणि सामान बैलगाडीने. पियानो, बिलियर्डची टेबलं, दारूची पिंपं, सगळं बैलांनी ओढत वर नेलं. आज घाटातल्या ट्रॅफिकला वैतागणाऱ्यांनी त्या बैलांची आठवण ठेवावी :-)

हॉटेलचा थाट आणि ख्याती दोन्ही मोठी होती. लॉवेल थॉमस नावाचा अमेरिकन पत्रकार लिहून गेलाय की मसुरीच्या एका हॉटेलात पहाटेच्या आधी एक घंटा होते, ती ऐकून भाविकांनी प्रार्थनेला बसायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या खोलीत परत जायचं! हे हॉटेल सॅव्हॉयच, असं सगळे मानतात.

हॉटेल म्हणजे अनोळखी लोकांचं तात्पुरतं एकत्र कुटुंब, हे मी वर म्हटलं. त्याचा एक अस्सल नमुना याच हॉटेलात घडला आहे. १९२० मधे जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि पत्नीला घेऊन सॅव्हॉयमधे उतरले होते. त्याच वेळी इंग्रजांशी वाटाघाटी करायला आलेलं अफगाण शिष्टमंडळही तिथेच मुक्कामाला होतं. दोघं रोज एकाच इमारतीत, पण बोलणं नाही. सरकारला मात्र काळजी. नेहरूंकडे लेखी हमी मागितली गेली की तुम्ही या लोकांशी संबंध ठेवणार नाही. बोलायचा विचार नव्हता, पण हमी कसली द्यायची म्हणून नेहरूंनी नकार दिला, आणि त्यांना जिल्ह्याबाहेर जायचा हुकूम निघाला. एका छपराखाली असणं एवढंच संशयाला पुरलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९११. त्या वर्षीच्या उन्हाळी हंगामात सॅव्हॉयमधे दोन इंग्रज बायका राहात होत्या. एक फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म, वय ४९. दुसरी तिची सोबतीण, लखनौची ईव्हा माउंटस्टीफन. दोघींना प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याचं वेड. स्फटिकाच्या गोळ्यात बघणं, टेबलावर हात ठेवून आत्म्याला बोलावणं, असे प्रकार. आज आपण हसतो, पण त्या काळात इंग्लंडात शिकलेसवरलेले लोक यात होते. शेरलॉक होम्सला जन्म देणारा आर्थर कॉनन डॉयल स्वतः याचा मोठा प्रचारक झाला. फ्रान्सिसबद्दल सगळ्या हकिगतींमधे असं येतं की ती ज्याच्याशी लग्न करायला हिंदुस्थानात आली होती तो माणूस लग्नाआधीच वारला. असं असेल, तर बाई आत्म्यांना का हाका मारत होती ते समजायला फार हुशारी लागत नाही.

ईव्हा काही दिवसांनी लखनौला परत गेली. फ्रान्सिस हॉटेलातच राहिली. सप्टेंबरमधे एके दिवशी ती आपल्या खोलीत मेलेली सापडली. दार आतून बंद. शवविच्छेदनात निघालं प्रुसिक ॲसिड, म्हणजेच हायड्रोजन सायनाइड. पोलिसांनी ईव्हाला अटक केली. आरोप असा, की जाण्यापूर्वी तिने औषधाच्या बाटलीत विष मिसळून ठेवलं. खटला अलाहाबादला चालला आणि ईव्हा निर्दोष सुटली. या मृत्यूची खरी हकिगत बहुधा कधीच कळणार नाही, अशा अर्थाचं मुख्य न्यायाधीशांनी म्हटलं. झालं, इतकंच.

एक इंजिनिअर म्हणून मला बंद दाराचं कौतुक नेहमीच थोडं जास्त वाटत आलंय. बंद दार म्हणजे एक अट. त्या अटीत काय काय बसतं ते मांडून बघू.

एक, आत्महत्या. सरळ बसते.

दोन, अपघात. हा पर्याय सांगणारे सहसा गाळतात, पण तो हास्यास्पद नाही. त्या काळात पातळ केलेलं प्रुसिक ॲसिड हे चक्क औषध होतं. ब्रिटिश फार्माकोपियात ते नोंदलेलं होतं, २ टक्क्यांचं द्रावण. खोकला, उलट्या, पोटदुखी यावर द्यायचे. डोस मोजायचा थेंबांत. आता गणित करा. २ टक्के म्हणजे ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण १०० मिलिग्रॅम सायनाइड. एवढं माणूस मरायला पुरतं. म्हणजे औषध आणि विष यात फरक फक्त थेंब आणि चमच्याचा.

तीन, आधी पेरलेलं विष. मारणारा आत असायची गरजच नाही. मेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने दार लावलं, स्वतःच्या हाताने बाटली उघडली आणि रोजचं औषध घेतलं. बंद दाराचं कोडं इथे एका क्षणात सुटतं, कारण ते कोडंच नव्हतं. दार फक्त त्या क्षणी खोलीत कोण नव्हतं एवढंच सांगतं.

आणि चार, जरा विचित्र. रडयार्ड किपलिंगला हे प्रकरण कळलं तेव्हा त्याने डॉयलला पत्रातून कळवलं, आणि त्याला ‘सूचनेने केलेला खून’ म्हटलं. म्हणजे हाताने विष न देता, समोरच्याच्या मनावर इतका ताबा मिळवायचा की तो स्वतःच ते घेईल. आत्म्यांच्या बैठका चालवणाऱ्या दोघी असल्यावर ही कल्पना सुचणं साहजिक होतं.

आता बघा, चारही पर्याय बंद दारात बसतात. आणि ईव्हा लखनौला होती ही गोष्ट तिला निर्दोषही ठरवत नाही आणि दोषीही. विषाच्या बाबतीत लांब असणं हा बचाव नाही, पण म्हणून लांब असणं हा पुरावाही होत नाही. कोर्टाने जे केलं ते मला यातलं सगळ्यात तर्कशुद्ध वाटतं. सिद्ध झालं नाही, म्हणून सोडून दिलं.

मग ख्रिस्ती यात आली कुठून? दंतकथेचा धागा असा: किपलिंगने डॉयलला सांगितलं, डॉयलने लिहिलं नाही, मग त्याने ती कल्पना तरुण अगाथा ख्रिस्तीला दिली. पहिला टप्पा ठीक आहे. दुसरा टप्पा फार सोयीचा आहे. डॉयल तेव्हा जगप्रसिद्ध, आणि ख्रिस्ती १९१६ मधे टॉर्कीच्या लष्करी इस्पितळात काम करणारी, एकही पुस्तक न छापलेली मुलगी. तीन प्रसिद्ध नावं एका माळेत ओवायचा मोह कोणालाही होईल, पण त्यासाठी डॉयलची गरज नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजांची लफडी आणि खटले तिकडच्या वर्तमानपत्रांत यायचेच. शिवाय ख्रिस्तीचा नवरा आर्ची, याचा जन्मच पेशावरचा. हिंदुस्थानच्या बातम्या त्या घरात परक्या नव्हत्या.

(इशारा: ज्यांनी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून उडी मारावी. शंभर वर्षं झाली आहेत, तरी सांगायचं काम केलं.)

कादंबरी १९१६ मधे लिहिली, १९२० मधे छापली गेली. घटना हॉटेलात नाही, एका गढीवजा घरात घडते. एमिली इंगलथॉर्प नावाची श्रीमंत बाई मध्यरात्री तडफडून मरते. खोलीची दारं आतून बंद. विष स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्यातलं. ते तिच्या रोजच्या टॉनिकमधेच थोडं असतं (तेही तेव्हा औषध होतं). मारणारा त्यात ब्रोमाइडची पूड मिसळून ठेवतो. ब्रोमाइडमुळे स्ट्रिक्नीनचे स्फटिक होऊन तळाशी बसतात, आणि बाटलीतला शेवटचा डोस जीवघेणा होतो. कधी मरेल ते बाटली ठरवणार, मारणारे दोघंही त्या रात्री घराबाहेर.

ही युक्ती मसुरीहून आलेली नाही. ती औषधं बनवायच्या पाठ्यपुस्तकातून आली आहे. ख्रिस्ती आधी परिचारिका आणि नंतर त्याच इस्पितळाच्या दवाखान्यात औषधं बनवायला होती, त्याची परीक्षाही तिने १९१७ मधे दिली. ब्रोमाइड आणि स्ट्रिक्नीन एकत्र करू नका, ही कंपाउंडरांना द्यायची नेहमीची ताकीद. तिने ताकीद उलटी फिरवून खून केला! औषधविक्रेत्यांच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने परीक्षणात कादंबरीची पाठ थोपटली, कारण विषाची माहिती बरोबर होती. मला ही शाबासकी सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठी वाटते.

पण एक साम्य मात्र थबकायला लावतं. मारणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे मालकिणीची सोबतीण. ती भांडून आधीच घर सोडून गेलेली असते. आणि तिचं नाव एव्हलिन, लाडाचं नाव ‘एव्ही’. मसुरीत सोबतीण, तीही आधीच निघून गेलेली, नाव ईव्हा. योगायोग असेल. इव्ह या नावाची रूपं तेव्हा घरोघर होती, आणि श्रीमंत बाईजवळ सोबतीण असणं हेही तेव्हा नेहमीचं. किंवा बातमी कुठेतरी डोक्यात राहून गेली असेल. दोन्ही शक्य आहे, आणि मी कुठल्याच बाजूने पैज लावणार नाही.

उडी मारलेल्यांचं परत स्वागत :-)

मला खटकलेली गोष्ट आता. मसुरीची गोष्ट आज ज्या रूपात सांगितली जाते ती ऐका. ‘लेडी गार्नेट-ऑर्म’चा तिच्या दुष्ट सोबतिणीने खून केला, शवविच्छेदन करणारा डॉक्टरही काही महिन्यांनी स्ट्रिक्नीनने मेला, आणि बाईसाहेबांचं भूत अजून सॅव्हॉयच्या व्हरांड्यातून आपल्या खुन्याला शोधत फिरतं. यातली फ्रान्सिस ‘लेडी’ कधी झाली? ती मिस होती. उमराव असल्याशिवाय आलिशान हॉटेलातल्या प्रेताला शोभा येत नाही, म्हणून किताब मिळाला. डॉक्टरचं विष बघा, स्ट्रिक्नीन. मसुरीचं विष प्रुसिक ॲसिड होतं, स्ट्रिक्नीन ख्रिस्तीच्या कादंबरीतलं. माझा अंदाज असा की घटनेवरून कादंबरी निघाली की नाही ते राहू द्या, कादंबरी मात्र उलटी फिरून घटनेत नक्की शिरली आहे. आधी लोक म्हणाले की पुस्तक मसुरीसारखं आहे. मग मसुरीला पुस्तकासारखं करून टाकलं.

आणि पुस्तकासारखं करायचं तर खुनी हवा. रहस्यकथेत ‘कळलं नाही’ हे उत्तर चालत नाही. वाचक पैसे परत मागेल. त्यामुळे जिला कोर्टाने सोडलं, तिला गोष्टीने पकडलं. कोर्टात उलटतपासणी होती, वकील होता, न्यायाधीश होता. गोष्टीत यातलं काहीच नाही. ईव्हा माउंटस्टीफनला शंभराहून जास्त वर्षं दर हंगामात, दर टूर गाइडच्या तोंडून, दर भुताच्या व्हिडिओतून पुन्हा शिक्षा होते आहे. तिने केलं असेलही. पण ‘असेल’ आणि ‘केलं’ यातलं अंतर ठेवण्यासाठीच तर कोर्ट असतं.

आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की नंतर एक रिपोर्ट लिहावा लागतो. त्याला चक्क पोस्टमॉर्टेमच म्हणतात. त्यात एक रकाना असतो मूळ कारणाचा. लॉग उडून गेलेले असतील तर तिथे प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहायचं असतं. ते कोणालाच आवडत नाही. बैठकीत दहा मिनिटांत कुणीतरी एखादं नाव सुचवतंच, आणि ते नाव बहुतेक वेळा अशाच माणसाचं असतं जो त्या दिवशी शेवटचा तिथे होता किंवा आज खोलीत नाही. पुराव्यापेक्षा रिकामा रकाना जास्त टोचतो. सॅव्हॉयच्या गोष्टीत नेमकं हेच झालं.

गंमत म्हणजे याचा अनुभव खुद्द ख्रिस्तीच्या घरालाच आला, आणि तोही एका आलिशान हॉटेलामुळे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ती सनिंगडेलचं घर सोडून निघून गेली. (या घराचं नाव ‘स्टाइल्स’. पहिल्या कादंबरीवरून ठेवलेलं.) दुसऱ्या दिवशी तिची मोटार गिल्डफर्डजवळ न्यूलँड्स कॉर्नरला बेवारस सापडली. मग सुरू झाला गदारोळ. पोलिस, हजारो स्वयंसेवक, विमानं, तलावात गळ. नवऱ्याचं दुसरीकडे प्रेमप्रकरण आहे हे हळूहळू बाहेर आलं आणि आर्ची ख्रिस्तीकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. कॉनन डॉयलने तिचा एक हातमोजा मिळवून एका माध्यमाकडे दिला, आत्म्यांकडून काही कळतंय का बघायला! म्हणजे डॉयल आणि ख्रिस्ती यांच्यातला खात्रीचा धागा शोधाल तर तो मसुरीचा नाही, हा हातमोज्याचा आहे.

ती होती कुठे? यॉर्कशरमधल्या हॅरोगेटच्या ‘स्वॅन हायड्रोपॅथिक’ हॉटेलात. रजिस्टरमधे नाव ‘मिसेस टेरेसा नील, केप टाउन’. नील हे नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव! नाचगाणी होत होती, ती सगळ्यांबरोबर जेवत होती. हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी तिला ओळखलं आणि १४ डिसेंबरला शोध संपला. त्या अकरा दिवसांत प्रेत नव्हतं, खून नव्हता, पण संशयित मात्र तयार होता. ती आणखी महिनाभर सापडली नसती तर आर्चीचं काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. तो काही सज्जन नवरा नव्हता. पण वाईट नवरा असणं आणि खुनी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे ख्रिस्तीने आत्मचरित्र लिहिलं, त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्यांच्या सगळ्या गुपितांचा शेवटच्या प्रकरणात उलगडा करणाऱ्या बाईने स्वतःचा रकाना रिकामाच ठेवला.

त्यानंतर तिने आपल्या खुनांच्या गोष्टींत बरीच हॉटेलं आणली. ‘पेरिल ॲट एंड हाउस’ मधलं मॅजेस्टिक, ‘डेथ ऑन द नाइल’ मधलं अस्वानचं कॅटरॅक्ट, ‘ईव्हिल अंडर द सन’ मधलं बेटावरचं हॉटेल. सगळीकडे मजा तीच. चांगला नाश्ता, चांगली हवा, एक प्रेत आणि शेवटी उत्तर. पण पंच्याहत्तरीच्या आसपास, १९६५ मधे, तिने ‘ॲट बर्ट्रॅम्स हॉटेल’ लिहिली आणि तिथे मला वाटतं ती स्वतःच या गुबगुबीतपणावर उलटली. (पुन्हा इशारा.) लंडनमधलं हे हॉटेल जणू काळ थांबल्यासारखं आहे. तेच जुने वेटर, तेच मफिन, तीच म्हातारी पाद्री मंडळी लॉबीत. मिस मार्पलला आधी बरं वाटतं आणि मग कसंसं व्हायला लागतं, कारण हे फार म्हणजे फारच छान आहे. शेवटी कळतं की हा सगळा देखावा आहे. ही जुनी ऊब एका गुन्हेगारी टोळीने पांघरलेली आहे. कोझीपणाच गुन्ह्याचं पांघरूण!

मला हे सॅव्हॉयच्या गोष्टीला लागू करावंसं वाटतं. भूत, लेडी, किपलिंग, डॉयल, ख्रिस्ती, पियानो आणि शॅम्पेन ही सगळी ऊब आहे. हॉटेलला ती हवी आहे, पर्यटकाला हवी आहे, आणि खोटं कशाला बोला, मलाही हवी आहे. ती बाजूला केली की खाली काय उरतं? परक्या देशात, हंगाम संपत आलेल्या थंड गावात, हॉटेलच्या एका खोलीत एकटी मेलेली ४९ वर्षांची बाई, जिच्याजवळ त्या दिवशी कोणी नव्हतं. आणि दुसरी एक बाई, जी आधीच्या गाडीने गेली नसती तर कदाचित तिच्यावर हा आळ आला नसता, किंवा कदाचित फासावर गेली असती. यात पांघरूण घेऊन वाचण्यासारखं काही नाही.

म्हणून काय, या कादंबऱ्या वाचायच्या नाहीत? छे, भरपूर वाचायच्या. मी तर म्हणेन की त्या इतक्या आवडण्याचं कारणच हे आहे, की बाहेरच्या जगात उत्तरं मिळत नाहीत. पहिलं महायुद्ध चालू असताना, इस्पितळात रोज कारणाशिवाय मरणारी पोरं बघत असताना ख्रिस्तीने एक अशी गोष्ट लिहिली जिच्यात एका मृत्यूचं कारण शेवटी नीट कळतं. ती गरज खरी होती. फक्त ती गरज कादंबरीत भागवावी, खऱ्या माणसांवर नाही.

सॅव्हॉय आजही चालू आहे, बऱ्याच पडझडीनंतर नव्याने दुरुस्त होऊन. गेलात तर व्हरांड्यात बसून चहा घ्या, डोंगर बघा. कुणी ‘लेडी’ची आणि तिच्या खुनी मैत्रिणीची गोष्ट सांगायला लागला तर जरूर ऐका, गोष्ट झकास आहे. शेवटी फक्त एवढंच विचारा की मैत्रिणीचं कोर्टात काय झालं. बहुतेक वेळा ते वाक्य गोष्टीत नसतं.